उजव्या बाजूचं माप

बांबोळीहून फोन येतो दर सहा महिन्यांनी.
मुलगी तरुण, आवाजावरून कारवारकडची.
"एक ते पाच सांगा, मावशी. एक म्हणजे मुळीच नाही,
पाच म्हणजे पुष्कळ.
आरशात बघून बरं वाटतं का?"

माझ्या दुकानातला आरसा गिऱ्हाइकांचा.
मी मापं बघते.
छाती छत्तीस, मुंढा सोळा, कटोरी साडेपाच.
सव्वीस वर्षं दाभोली नाक्यावर मशीन चालवते,
वेंगुर्ल्यातल्या निम्म्या बायका मला
कापडाच्या आतून ठाऊक.
त्यांतल्या एकीचीही डावी उजवीसारखी नव्हती.
कुणाला सांगितलं नाही कधी.
इकडे एक टीप आत घ्यायची, तिकडे सोडायची.

माझीच उजवी बाजू उसवायची ठरली
तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं.
पोटावरचं हे उचलायचं,
दोऱ्याएवढ्या शिरा भिंगाखाली जोडायच्या
आणि इथं बसवायचं.
म्हणजे ठिगळ, मी म्हटलं.
ते जरा दुखावले. "ठिगळ काय? जिवंत असतं ते."
आमच्या धंद्यात ठिगळ ही शिवी नाही, डॉक्टर.

नऊ तास लागले म्हणे.
मग रात्रभर, तासातासाला, नर्स बोट दाबून बघायची
रंग परत येतो का,
मांडवीवर बांगड्याचा कल्ला उचलून बघतात तशी.
लाल आहे. राहील.

एक गोष्ट त्या चित्रात नव्हती.
पोटावर गौरेशच्या वेळचे वण होते, चंदेरी, आडवे.
ते आता छातीवर आलेत.
ज्या कातड्यानं त्याला नऊ महिने झाकलं
तेच वर चढून
त्याला पाजलं त्या जागी बसलंय.
त्याला कळवलं नाही. रत्नागिरीला नोकरीला असतो,
लाजेल.

"स्पर्श कळतो का?"
गेल्या मंगळवारी टाचणी घुसली होती.
दुपारभर होती.
ब्लाउजवर लाल ठिपका आला तेव्हा कळलं.
आणि रात्री झोपेत ह्यांचा हात पडला,
रापण ओढून ओढून खरबरीत झालेला,
तर वजन कळलं, हात नाही.
ह्याला किती लिहितेस, बाय?

रोझालीनबाईंनाही हेच चित्र काढून दाखवलेलं.
त्या म्हणाल्या, "माका नको.
एकदाच काय ता कापा, माका बाजारात बसूक होया."
महिन्याभरात बसल्याही, टोपली पुढ्यात, छाती सपाट.
त्यांच्यासाठी मी पिशवी शिवली. वर मलमल, आत राई.
राईचं वजन त्यांनीच करून आणलं,
स्वतःच्या तागडीत:
"चार बांगडे. हेच्यापेक्षा जास्त कधी नव्हताच मगे."
पडद्यामागे आम्ही इतक्या हसलो
की शेजारचा चहावाला बघायला आला.

आता शिरोड्याहून येतात, निवतीहून येतात,
दुपारी, रस्ता निजलेला असताना.
कुणी पिशवी मागते, कुणी नुसतीच बसते.
कुणी म्हणते, तुझं दाखव.
दाखवते.
"हात लावू?"
लाव, मला कळणार नाही.
"मी काय करू मग?"
मी माप घेते गो. कापड तुझं.

"मावशी? शेवटचा प्रश्न.
पुन्हा वेळ आली तर हेच कराल का?"
बॉबिनचा दोरा नेमका आत्ताच संपलाय.
हो, म्हणते मी.
मग म्हणते, थांब. चार लिही.
"पाच का नाही?"
उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही गं,
शटरच्या दांडीपर्यंत पोचत नाही.
ती समजते बहुतेक. लिहिल्याचा आवाज येतो.

शटर ओढायला सातला रोझालीनबाई येतात.
टोपली खाली ठेवतात, पिशवी सारखी करतात,
आणि एका हिसक्यात.